कँटन, १८३९ : वीस हजार पेट्यांचा धनी कोण?

२७ मार्च १८३९ रोजी सकाळी दक्षिण चीनमधील कँटन (आजचे ग्वांगझौ) शहराच्या तटाबाहेर, पर्ल नदीच्या काठी असलेल्या परदेशी वखारींत एक जाहीर सूचना फिरली. चीनमधील ब्रिटिश व्यापाराचे मुख्य अधीक्षक कॅप्टन चार्ल्स एलियट यांनी ती काढली होती. प्रत्येक ब्रिटिश प्रजाजनाने आपल्या ताब्यातील सर्व अफू, मग ती स्वतःच्या मालकीची असो वा दुसऱ्याच्या वतीने आडतीवर आलेली असो, आपल्याकडे सुपूर्त करावी. ती चिनी सरकारच्या हवाली करण्यात येईल, आणि तिच्याबद्दल राणीच्या सरकारच्या वतीने आपण जबाबदार राहू, असा तिचा आशय होता. चार दिवसांपूर्वीपर्यंत एक हजार पेट्या देताना घासाघीस करणारे व्यापारी ही सूचना वाचताच २०,२८३ पेट्या देण्यास तयार झाले. ब्रिटन आणि चीन यांच्यातील पहिल्या अफू युद्धाची (१८३९-४२) कहाणी सहसा अफूच्या नाशापासून सांगितली जाते. प्रस्तुत प्रकरणाचा गाभा मात्र या सूचनेत आहे, कारण तोपर्यंत जो चोरटा माल होता तो या एका कागदाने सरकारी देणे ठरला.

या पेट्यांचा धनी कोण होता, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. १७७३ पासून बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. बिहार आणि बनारस भागातील रयतेला आगाऊ रक्कम देऊन खसखशीची लागवड करून घ्यायची, बोंडांना चिरे देऊन काढलेला चीक ठरावीक भावाने विकत घ्यायचा, पाटणा आणि गाझीपूर येथील कारखान्यांत त्याचे गोळे वळून पेट्या भरायच्या आणि कलकत्त्यात त्यांचा लिलाव करायचा, असा तो क्रम होता. एका पेटीत ४० गोळे असत आणि अफूचे वजन सुमारे १४० पौंड, म्हणजे ६३ किलोच्या आसपास, भरे. लिलावाचा हातोडा पडला की कंपनीचा संबंध संपला. चीनमध्ये अफूला बंदी होती, १७२९ पासून अंशतः आणि १७९९ नंतर आयातीसह; म्हणून कंपनी स्वतःच्या जहाजांवर अफूची एकही पेटी चढवू देत नसे. लिलावात घेतलेला माल खाजगी व्यापारी आपल्या जहाजांतून नेत, आणि तो विकून आलेली चांदी कंपनीच्या कँटनमधील खजिन्यात भरून तिच्या बदल्यात कलकत्त्यावरच्या किंवा लंडनवरच्या हुंड्या घेत. त्याच चांदीतून कंपनी चहा विकत घेई. माल कंपनीचा, पैसा कंपनीचा, आणि गुन्हा मात्र भलत्याचाच, अशी ही सोयीस्कर रचना होती. १८३४ मध्ये चीनच्या व्यापारावरील कंपनीची मक्तेदारी संपली, तेव्हा खाजगी व्यापाऱ्यांची संख्या आणि पेट्यांची संख्या दोन्ही झपाट्याने वाढल्या. १८३८-३९ च्या हंगामात भारतातून चीनकडे गेलेल्या पेट्यांचा आकडा ४०,००० च्या घरात होता.

माळव्याच्या अफूची गोष्ट वेगळी होती आणि मराठी वाचकाला ती अधिक जवळची आहे. उज्जैन, इंदूर, मंदसोर हा सारा मुलूख शिंदे, होळकर आणि लहानमोठ्या राजपूत संस्थानिकांच्या ताब्यात होता. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकर इंग्रजांचे मांडलिक झाले, तरी त्यांच्या रयतेने काय पेरावे हे कंपनीला थेट ठरवता येत नव्हते. माळव्यातील सावकारांनी शेतकऱ्यांना कर्ज देऊन अफू पिकवून घेतली आणि ती कंपनीच्या बंदरांना वळसा घालून कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला, आणि तेथून चीनच्या किनाऱ्यावरील मकावला, पोहोचवली. कंपनीने आधी हा व्यापार दडपण्याचा प्रयत्न केला, तहनामे करून पाहिले, स्वतः माळव्याची अफू विकत घेऊन पाहिली. काहीच साधले नाही. अखेर १८३० च्या सुमारास तिने हार मानली आणि मुंबईमार्गे जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवाना फी आकारण्यास सुरुवात केली. १८३५ मध्ये ही फी पेटीमागे १२५ रुपयांवर आणली गेली, कारण ती जास्त ठेवली की माल पुन्हा दमणकडे वळे. पुढे १८४३ मध्ये सिंध जिंकून कराचीची वाट बंद झाल्यावर हीच फी टप्प्याटप्प्याने वाढत १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेली. बंगालच्या अफूची कंपनी निदान उत्पादक तरी होती. माळव्याच्या अफूवर तिने केवळ जकातदाराची भूमिका घेतली, आणि म्हणूनच या प्रकरणात नष्ट झालेल्या माळवी पेट्यांच्या नुकसानीची झळ तिला लागली नाही. तिचे पैसे माल मुंबईचा धक्का सोडण्यापूर्वीच वसूल झाले होते.

मुंबईचे व्यापारी हा माल आपल्या जोखमीवर पाठवत. कँटनमधील आडत्या, विशेषतः जार्डिन मॅथेसन कंपनी, कमिशन घेऊन तो विके आणि पुष्कळदा विक्रीपूर्वीच किमतीचा काही भाग आगाऊ देई. जमशेटजी जीजीभाई हे या व्यापारातील मुंबईचे सर्वांत मोठे नाव. विल्यम जार्डिन यांच्याशी त्यांची ओळख १८०५ मध्ये झाली. ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंचांनी पकडले तेव्हा जार्डिन त्यावर डॉक्टर होते आणि जमशेटजी प्रवासी. जमशेटजींच्या भागीदारांत मोतीचंद अमीचंद हे जैन आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान होते. चीनशी त्यांचा व्यापार कापसाचाही होता, केवळ अफूचा नव्हता, हे येथे नोंदवले पाहिजे. पण १८३९ च्या मार्चमध्ये पर्ल नदीच्या मुखाशी अडकून पडलेला त्यांचा आणि त्यांच्यासारख्यांचा माल अफूचाच होता.

कँटनमध्ये व्यवहार चाले तो असा. १७५७ पासून पाश्चात्त्यांच्या सागरी व्यापाराला हे एकच बंदर खुले होते. परदेशी व्यापाऱ्यांनी हंगामापुरते वखारींत राहायचे, शहरात शिरायचे नाही, आणि व्यवहार करायचा तो केवळ सनदी चिनी व्यापाऱ्यांच्या संघाशी. हे सनदी व्यापारी परदेशीयांच्या वर्तणुकीला सरकारदरबारी जामीन असत. त्यांच्यातील ज्येष्ठ वू बिंगजियान, ज्यांना परदेशी लोक हौक्वा म्हणत, त्या काळच्या जगातील अतिश्रीमंतांपैकी एक समजले जात. अफू मात्र या व्यवस्थेच्या बाहेरून जाई. जहाजे नदीच्या मुखाशी लिंतिन बेटाजवळ थांबत, तेथे नांगरून ठेवलेल्या जुन्या गलबतांत पेट्या उतरवत, आणि मग पैसे कँटनमध्ये मोजून घेतलेल्या चिठ्ठीवर अनेक वल्ह्यांच्या वेगवान चिनी होड्या तो माल किनाऱ्याला नेत. या होड्यांना ‘वेगवान खेकडे’ असे नाव पडले होते. वाटेतल्या गस्तीच्या अधिकाऱ्यांचे हप्ते ठरलेले असत. वखारीत बसून चहाचा सौदा करणारा गृहस्थ आपण कधीच चोरटी आयात केली नाही असे छातीठोकपणे सांगू शके, कारण त्याच्या हाताला पेटी लागतच नसे.

चिनी सम्राटाच्या पेकिंग दरबाराला या साऱ्याची चिंता व्यसनापेक्षाही चांदीमुळे वाटू लागली. कर चांदीत भरायचा आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा येई तो तांब्याच्या नाण्यांत. एक तैल (चांदी मोजण्याचे चिनी वजन) चांदीला पूर्वी सुमारे १,००० नाणी पडत, ती १८३८ पर्यंत १,६०० पर्यंत पडू लागली. कागदोपत्री न वाढलेला कर प्रत्यक्षात दीडपटीहून जास्त झाला. चांदी महागण्याला जगभरातील चांदीची टंचाईही कारणीभूत होती असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे, परंतु दरबाराला दिसत होती ती अफूच्या मोबदल्यात समुद्रापार जाणारी चांदी. १८३६ मध्ये श्यू नाइजी या अधिकाऱ्याने अफूची आयात कायदेशीर करून तिच्यावर जकात बसवावी असे सुचवले. १८३८ मध्ये ह्वांग ज्युएत्सी यांनी नेमके उलट सुचवले: व्यसनींना एक वर्षाची मुदत द्यावी आणि त्यानंतर मृत्युदंड. सम्राट दाओग्वांग यांनी प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांची मते मागवली. हूबेई आणि हूनान प्रांतांचे सुभेदार लिन झेशू यांनी कठोर पक्ष घेतला, आणि आपल्या प्रांतांत अफू ओढण्याच्या नळ्या जप्त करून, व्यसन सोडवण्यासाठी औषधे वाटून तो अमलातही आणून दाखवला. सम्राटाने त्यांना पेकिंगला बोलावून अनेकदा त्यांच्याशी प्रत्यक्ष चर्चा केली आणि डिसेंबर १८३८ च्या अखेरीस विशेष आयुक्त म्हणून कँटनसाठी नेमले.

कँटनमध्ये तोवर कारवाई सुरू झालीच होती. डिसेंबर १८३८ मध्ये एका चिनी अफू-व्यापाऱ्याला वखारींच्या समोरच्या पटांगणात फाशी देण्याचा प्रयत्न झाला, परदेशीयांनी तो उधळला आणि दंगल उसळली. स्थानिक व्यापाऱ्यांच्या धरपकडीमुळे अफूला गिऱ्हाईक उरले नाही. गोदामी गलबते भरलेली आणि विक्री ठप्प. ही गोष्ट लक्षात ठेवल्याशिवाय मार्चमधील व्यापाऱ्यांची तत्परता समजणार नाही.

लिन १० मार्च १८३९ रोजी कँटनला पोहोचले. १८ मार्चला त्यांनी परदेशीयांना फर्मान काढले: तीन दिवसांत सर्व अफू सुपूर्त करा, आणि यापुढे अफू आणल्यास माल जप्त व आणणाऱ्याला देहान्त, हे मान्य असल्याचा करारनामा लिहून द्या. सनदी व्यापाऱ्यांना त्यांनी बजावले की अफू न आल्यास त्यांच्यापैकी एकदोघांची मान उडवली जाईल. हौक्वा गळ्यात साखळी घालून वखारीत आले. व्यापाऱ्यांनी १,०३७ पेट्या देऊ केल्या. लिन यांनी ते नाकारले आणि लान्सलॉट डेंट या बड्या ब्रिटिश व्यापाऱ्याच्या अटकेचा हुकूम सोडला. २४ मार्चच्या संध्याकाळी एलियट मकावहून वखारींत येऊन पोहोचले आणि डेंट यांना त्यांनी आपल्या संरक्षणाखाली घेतले. त्याच रात्री वखारींतील सर्व चिनी नोकरचाकर बाहेर काढण्यात आले आणि सैनिकांचा वेढा पडला. सुमारे ३५० परदेशी माणसे आत होती. इंग्रज, अमेरिकन आणि पारशीही. कोंडवाडा फार क्रूर नव्हता, अन्न मिळत होते, फक्त ते शिजवायचे स्वतःच्या हाताने, आणि पिढीजात श्रीमंतांना तेच अधिक जड गेले असे आठवणींवरून दिसते.

एलियट यांना अफूचा व्यापार वैयक्तिकरीत्या तिटकाऱ्याचा होता आणि त्यांनी तसे वरिष्ठांना लिहिलेही होते. मग त्यांनी ही हमी का दिली? त्यांच्या दृष्टीने प्रश्न अफूचा नव्हता, ओलीस धरलेल्या ब्रिटिश प्रजाजनांचा होता. आणि एका खाजगी चोरट्या व्यवहाराच्या शिक्षेला सरकार-विरुद्ध-सरकार असे रूप दिले की राणीच्या सरकारला हस्तक्षेपाचे कायदेशीर कारण मिळते, एवढे त्यांना नक्कीच कळत होते. परंतु अशी हमी देण्याचा अधिकार त्यांना कोणीही दिलेला नव्हता. व्यापाऱ्यांना मात्र ती देवाने पाठवल्यासारखी वाटली. बाजारात ज्या मालाला गिऱ्हाईक नव्हते त्याचा एकदम एकच खात्रीचा ग्राहक उभा राहिला, आणि तो ग्राहक म्हणजे ब्रिटिश खजिना. काहींनी तर अजून चीनमध्ये न पोहोचलेल्या पेट्याही यादीत घातल्या. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ७,००० पेट्या, जार्डिन मॅथेसनमार्फत आला, आणि त्यातील पुष्कळ माल मुंबईच्या व्यापाऱ्यांचा होता. एलियट यांनी प्रत्येकाला पावत्या दिल्या. लिन यांनी आपल्या बाजूने प्रत्येक पेटीमागे ५ कॅटी, म्हणजे सुमारे ३ किलो, चहा बक्षीस देण्याचे जाहीर केले. त्यांच्या हिशेबात अफू ही भरपाई देण्याजोगी वस्तूच नव्हती, चहा हे केवळ पश्चात्तापाचे पारितोषिक होते. माझ्या मते लिन यांची या प्रकरणातील खरी चूक कठोरपणाची नव्हे. अफू कोणाच्या हातून येते आणि कोणाच्या नावाने येते यात फरक असतो, हे त्यांच्या लक्षात आले नाही. पेट्या व्यापाऱ्यांच्या हातून आल्या असत्या तर ती जप्ती ठरली असती. त्या राणीच्या प्रतिनिधीच्या नावाने आल्या.

लिन यांनी कायद्याची चौकशी केली नव्हती असे नाही. त्याच वर्षी त्यांनी स्विस विधिज्ञ वातेल यांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथातील उतारे चिनीत करवून घेतले. अमेरिकन मिशनरी डॉक्टर पीटर पार्कर यांनी त्यात मदत केली. परका माल देशात येऊ न देण्याचा आणि चोरटा माल जप्त करण्याचा राज्याला अधिकार आहे, हे त्यांना त्यात सापडले. राणी व्हिक्टोरियाला उद्देशून त्यांनी पत्रही लिहिले. तुमच्या देशात अफूला सक्त बंदी आहे असे ऐकतो, मग तीच वस्तू दुसऱ्यांकडे कशी पाठवता, असा त्यातला युक्तिवाद होता. त्याचा पाया चुकीचा होता. इंग्लंडात त्या काळी अफूचा अर्क औषधविक्रेत्याकडे सहज मिळे. पत्र राणीपर्यंत अधिकृतपणे कधीच पोहोचले नाही.

अफूचा नाश ३ जून १८३९ रोजी पर्ल नदीच्या मुखाजवळील हुमेन येथे सुरू झाला आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ चालला. लिन यांनी अफू जाळली, असे अनेक मराठी पाठ्यपुस्तकांतून आणि लेखांतून वाचायला मिळते. ते बरोबर नाही. जाळलेली अफू वितळून जमिनीत मुरते आणि लोक ती माती उकरून पुन्हा अर्क काढतात, हे अधिकाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून किनाऱ्यावर दगडी तळाचे आणि लाकडी बाजूंचे मोठे हौद बांधण्यात आले. त्यांत पाणी आणि मीठ घालून अफूचे गोळे फोडून टाकायचे, ते भिजले की चुना ओतायचा, मजुरांनी फावड्यांनी ढवळायचे, आणि ओहोटीच्या वेळी झडपा उघडून सारा गाळ समुद्रात सोडायचा. हजार टनांहून अधिक अफू अशी गेली. आरंभी लिन यांनी सागरदेवतेची प्रार्थना करून, पाणी गढूळ होणार म्हणून जलचरांनी काही काळ दूर जावे अशी विनंती केली. १७ जूनला एलायजा ब्रिजमन या मिशनऱ्याने आणि अफूत कधीच न पडलेल्या ऑलिफंट या अमेरिकन कंपनीचे चार्ल्स किंग यांनी हे काम प्रत्यक्ष पाहिले. कामाच्या काटेकोरपणाबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. अफू चोरून विकली जात असणार, अशी कुजबुज त्याआधी वखारींत होती.

पुढील घटना वेगाने घडल्या. जुलैमध्ये हाँगकाँगसमोरच्या कौलूनला दारू प्यालेल्या ब्रिटिश खलाशांच्या मारहाणीत लिन वेइशी नावाचा गावकरी मेला. एलियट यांनी गुन्हेगार चिनी न्यायालयाच्या हवाली करण्यास नकार दिला. लिन यांनी रसद तोडली. सप्टेंबरमध्ये कौलूनला आणि ३ नोव्हेंबरला चुएनपी येथे तोफा झडल्या. लंडनला मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर १८३९ रोजीच मोहीम पाठवायचे ठरवले होते. जार्डिन यांनी परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांना नकाशे आणि योजना पुरवल्या. पण निर्णयामागे एक रोकडी अडचण होती: एलियट यांनी सुमारे २० लाख पौंडांचे देणे सरकारच्या गळ्यात बांधले होते, संसदेने त्यासाठी छदामही मंजूर केलेला नव्हता, आणि मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांचे अर्ज येऊन थडकत होते. खजिन्याने पैसे देण्यास नकार दिला. मग चीनकडूनच ते वसूल करायचे, हा उपाय उरला. एप्रिल १८४० मध्ये संसदेत सरकारच्या निषेधाच्या ठरावावर तीन दिवस चर्चा झाली. विरोधी पक्षातील तिशीतल्या ग्लॅडस्टन यांनी याहून अन्याय्य आणि देशाला कायमचा कलंक लावणारे युद्ध आपल्याला माहीत नाही, अशा अर्थाचे भाषण केले. सरकार २७१ विरुद्ध २६२, म्हणजे केवळ ९ मतांनी, तरले.

जून १८४० मध्ये चीनच्या किनाऱ्याला लागलेल्या आरमारी ताफ्याला मुंबईची ओळख होती. ‘वेलस्ली’ (१८१५) आणि ‘मेलव्हिल’ (१८१७) ही ७४ तोफांची लढाऊ जहाजे मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली, मलबारी सागवानाची बांधलेली होती. सैनिकांत बंगाली आणि मद्रासी पलटणींचे शिपाई होते. लिन यांना त्याच वर्षाच्या शरदात पदच्युत करण्यात आले आणि पुढे शिनजियांगमधील इली येथे हद्दपार केले गेले. एलियट यांनी जानेवारी १८४१ मध्ये ६० लाख डॉलर (त्या काळची चांदीची नाणी) आणि हाँगकाँग यांवर केलेली तडजोड दोन्ही दरबारांना अमान्य झाली आणि तेही परत बोलावले गेले. प्रकरणाच्या दोन्ही मुख्य पात्रांना आपापल्या सरकारांनीच दोषी ठरवले.

२९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर झाला. हेही मुंबईच्याच गोदीतले, १८१३ साली पाण्यात सोडलेले. हाँगकाँग आणि पाच खुली बंदरे यांखेरीज चीनवर २ कोटी १० लाख डॉलरचा बोजा पडला: १ कोटी २० लाख युद्धखर्च, ३० लाख सनदी व्यापाऱ्यांची थकलेली कर्जे, आणि ६० लाख अफूपोटी. अफूची आयात चालू राहावी वा थांबावी, याविषयी तहात अवाक्षर नाही; अधिकृत जकात बसून ती उघडपणे येऊ लागली ती १८५८ नंतर. अफूचा उल्लेख येतो तो केवळ चौथ्या कलमात. तुरुंगात डांबून मृत्यूची धमकी दिलेल्या राणीच्या अधीक्षकाच्या व प्रजाजनांच्या प्राणांची खंडणी म्हणून मार्च १८३९ मध्ये कँटन येथे सुपूर्त केलेल्या अफूची किंमत म्हणून सम्राट ६० लाख डॉलर देईल, असे ते कलम सांगते. खंडणी हा शब्द एलियट यांच्या सूचनेला पूर्णपणे शोभणारा होता. चोरटा माल जप्त झाला, असे म्हटले की भरपाई मागता येत नाही. प्राण वाचवण्यासाठी किंमत मोजली, असे म्हटले की ती परत मागता येते.

जमशेटजींना त्याच १८४२ साली ‘सर’ हा किताब मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. पुढच्या वर्षाच्या जानेवारीत त्यांच्या देणगीतून उभ्या राहणाऱ्या रुग्णालयाची कोनशिला भायखळ्याला बसली. पेट्यांच्या मालकांना लंडनकडून पैसे मिळाले ते त्याच १८४३ मध्ये, चार वर्षांचे व्याज न धरता आणि त्यांनी मागितलेल्या भावापेक्षा बऱ्याच कमी भावाने.